‘रक्त कमी आहे’ म्हणजे नेमकं काय?

आरोग्य शिबिरात बाईचं बोट टोचतात, कागदावर एक आकडा लिहितात आणि सांगतात, “रक्त कमी आहे. पालेभाजी खा, या गोळ्या घे.” बाई मान डोलावते. तिला वाटतं, अंगातलं रक्तच आटलं. खरं तर लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य, कमी झालेलं असतं. ते का कमी झालं, हे त्या रांगेत कुणी विचारत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. पाळी, बाळंतपणं आणि सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवणं, ही कारणं आपण वर्षानुवर्षं मांडत आलोच आहोत. त्यामुळेच की काय, ‘बाईला अशक्तपणा असायचाच’ असं डॉक्टरही धरून चालतात आणि लोहाच्या कमतरतेपलीकडे शोध थांबतो.

विदर्भात, नंदुरबारकडे, विशेषतः आदिवासी आणि दलित वस्त्यांत हे महागात पडतं. तिथे सिकलसेल आहे. या आजारात हिमोग्लोबिनची घडणच वेगळी असते. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, छाती, पोट असह्य दुखतं. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस. लोहाच्या गोळ्यांनी हा आजार हटत नाही. (म्हणून लोह कमी असणारीने गोळ्या टाकून द्याव्यात असं मुळीच नाही!) निदान होईपर्यंत मात्र घरात ‘कामचुकार’ हे नाव पडलेलं असतं.

आणखी दोन शब्द नीट समजून घ्यायला हवेत: ‘एएस’ आणि ‘एसएस’. एएस म्हणजे वाहक. तिला सहसा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. दोघांतला फरक साध्या विद्राव्यता चाचणीत कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. ती न करताच ‘सिकल निघाला’ एवढंच सांगितलं, की धडधाकट मुलगी गावभर आजारी ठरते आणि जुळलेलं लग्न मोडतं.

मूल आजारी निघालं की बोट आईकडे. पण एसएस मुलाला एक ‘एस’ आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. तरी गरोदरपणात आधी तपासतात बाईलाच. नवरा बोलावल्यावर आला तर आला.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि हाती कार्ड. तपासणी हवीच. पण लग्नाच्या बैठकीत कार्ड फक्त मुलीचं मागितलं गेलं, तर ती नवी पत्रिकाच झाली. मुलाचंही कार्ड मागा, असं आपण गटांनी बैठकीतच म्हटलं पाहिजे. आणि शिबिरवाल्यांना विचारलं पाहिजे: पुढची तपासणी कुठे, किती दिवसांत, आणि निकाल बाईला एकटीला बसवून कोण समजावून सांगणार?