शेकडा साडेतीनची उसनवारी

महिनाअखेर आली की बायकांच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. लाइट बिल, गॅस, दूधवाला, मुलांच्या क्लासची फी. पूर्वी अडीनडीला डाळीच्या डब्यातली नोट बाहेर यायची, नाहीतर शेजारणीकडे शब्द टाकावा लागायचा. आता कितीतरी घरांत क्रेडिट कार्ड आलंय. एटीएममध्ये घातलं की नोटा हातात! कुणापुढे तोंड वेंगाडायला नको. म्हणूनच मला या सोयीची भीती वाटते.

मैत्रिणींनो, कार्डावर किराणा घेणं वेगळं आणि कार्डातून रोख काढणं वेगळं. किराण्याची पूर्ण रक्कम मुदतीत भरली, तर व्याज लागत नाही. रोख रकमेला ही सवलत नाही. नोटा हातात पडल्या त्या दिवसापासून व्याज सुरू.

समजा, ३,००० रुपयांचं लाइट बिल भरायला कार्डातून तेवढी रोख काढली. बऱ्याच बँका रोख काढण्याचं शुल्क रकमेच्या अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये, यांतलं जे जास्त ते घेतात. म्हणजे आपले ५०० गेले. महिन्याचं व्याज साडेतीन टक्क्यांनी १०५ रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. एका महिन्यात ७१४ रुपये वर! तेच बिल उशिरा भरलं, तर महावितरणचा विलंब आकार सव्वा टक्का, म्हणजे साधारण ३७ रुपये. पुढे थकलं तर व्याज लागतं हे खरं, पण वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेवढ्या दिवसांत सोय बघता येते, ऑफिसात जाऊन हप्ते मिळतील का हे विचारता येतं.

शेकडा साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. एखादा सावकार हा दर सांगत दारात आला, तर आपण त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही. महाराष्ट्रात परवानाधारक सावकारालाही, शेतकरी नसलेल्यांना दिलेल्या विनातारण कर्जावर, २०१४ मध्ये ठरलेली मर्यादा वर्षाला १८ टक्के आहे. बँकांना ती लागू नाही. कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अन्यायाचं, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. आता आपली राखण आपणच करायची.

माझ्या ओळखीच्या एका वहिनींच्या घरी चार महिने असंच चाललं होतं. कार्ड यजमानांच्या नावावर, कागद त्यांच्याच कपाटात. दरमहा फक्त 'किमान रक्कम' भरली जायची आणि मुद्दल जवळपास तिथल्या तिथेच. वहिनींना कळलं ते मुलाच्या फीला पैसे उरले नाहीत तेव्हा. ओढाताण त्यांनी करायची आणि कर्जाची खबर मात्र त्यांनाच नाही! हे मला व्याजापेक्षाही जास्त टोचतं.

'ते पैशाचं त्यांनाच कळतं' असं म्हणून आपणही सुटका करून घेतो. घर काटकसरीनं चालवणारीला शेकड्याचा हिशेब कळत नाही, हे मला मुळीच पटत नाही. कार्डाचं बिल आलं की दोघांनी मिळून बघावं. 'रोख' असा शब्द दिसला, तर आधी तेवढी रक्कम फेडावी. अगदीच नड असेल, तर बचत गटात विचारा, पतसंस्थेत किंवा बँकेत सोनेतारणाचा दर काढा, आणि शेकडा किती पडतो ते कागदावर मांडून मगच ठरवा. बचत गटात हात पसरताना थोडा संकोच वाटेल, पण तिथला दर चार बायकांसमोर ठरलेला असतो.