शब्द मोडल्याचं भय

ज्यू लोककथेतला डिबुक म्हणजे जिवंत माणसाच्या अंगात शिरणारा मृताचा आत्मा. खेडोपाडी फिरून ज्यू लोककथा गोळा करणाऱ्या एस. अन्स्की यांच्या नाटकावरून मिखाल वाशिन्स्की यांनी १९३७ साली पोलंडमध्ये यिडिश भाषेत ‘डिबुक’ हा चित्रपट काढला. दोन मित्र आपल्या होणाऱ्या मुलांचं लग्न ठरवतात, पण पुढे मुलीचा बाप पैशापायी शब्द फिरवतो. दुसऱ्या मित्राचा मुलगा खोनेन प्रेमभंगाने मरतो आणि ऐन लग्नात त्या मुलीच्या, लेआच्या, अंगात येतो. त्याआधी रीतीप्रमाणे नवरी भिकाऱ्यांबरोबर नाचते आणि नाचता नाचता तिच्यासमोर कवटीच्या चेहऱ्याचा मृत्यू येतो. हे दृश्य अंगावर काटा आणतं. पुढे धर्मगुरू न्यायासाठी खोनेनच्या मृत बापालाही बोलावतात! या भुतावर अन्याय झालेला आहे, हे चित्रपट विसरत नाही.

मल्याळम ‘एझ्रा’ (२०१७) आणि त्याचा हिंदी अवतार ‘डिबुक’ (२०२१) यांतली डिबुक कोंडलेली शापित पेटी मात्र जुन्या लोककथेतली नव्हे. ती इंटरनेटवरच्या लिलावातून पसरलेली अलीकडची गोष्ट. पेटीत धक्का आहे, पण मोडलेल्या शब्दाची वेदना नाही.

वाशिन्स्कींच्या चित्रपटानंतर दोनच वर्षांत जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि चित्रपटात दिसणारं ज्यू जग नष्ट झालं. वाचकहो, आधी तो चित्रपट पाहा.