जाहिरातवाल्यांनाही संध्याकाळ असू द्या!

दिवाळी जवळ आली की जळगावच्या सराफ बाजारापासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत प्रत्येकाला जाहिरात ‘आजच’ हवी असते. रात्री दहाला मेसेज येतो, ‘भाऊ, लोगो जरा मोठा करा ना!’ दुपारी पाठवलेलं प्रूफ कुणी नीट पाहिलेलंच नसतं. मग डिझायनरची नाटकाची तालीम बुडते, कुणाची गिटार कोपऱ्यात पडून राहते.

छंद म्हणजे कामचुकारपणा नव्हे. अरुण कोलटकर मुंबईत जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होते आणि कविताही लिहीत होते. त्यांच्या ‘जेजुरी’ला १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.

एजन्सीच्या मालकांनो, दुरुस्त्यांसाठी संध्याकाळी सातची वेळ ठरवा, ग्राहकालाही आधीच सांगा. आणि दोस्तांनो, उरलेली संध्याकाळ रील्समध्ये घालवू नका!