इंटर्नशिप वॉर्डातच व्हायला हवी

जुलाब-उलट्यांनी सुकलेले वर्षभराचे बाळ. हाताला शीर लागत नाही. दोनदा सुई टोचून झाली, आई रडते आहे, दाराशी नातेवाईकांचा आवाज चढतो आहे आणि इंटर्नचे बोट थरथरते आहे. हातावर नाही तर पायावर, पायावर नाही तर कपाळाजवळ शीर कशी चाचपायची, हे बहुतेकांना एखाद्या जुन्या सिस्टरने हात धरून दाखवलेले असते. ज्यांना कोणी दाखवलेले नसते, त्यांच्यासाठी ते बाळच पहिला धडा ठरते. आमचा आक्षेप याला आहे.

एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि मग इंटर्नशिपचे एक वर्ष. शिकलेले हातात उतरावे म्हणून हे वर्ष आहे. प्रत्यक्षात ते ‘नीट-पीजी’ या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीत जाते. दोनशे बहुपर्यायी प्रश्नांवर पुढचे सगळे आयुष्य टांगलेले असेल, तर मुले अभ्यासिकेत बसणारच. त्यांना बोल लावणे अन्यायाचे आहे. जी वॉर्डात थांबतात, त्यांच्या वाट्याला अनेकदा रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवणे आणि रिपोर्ट आणणे येते, कारण ती कामे करणाऱ्यांची पदे भरलेली नसतात. केलेल्या कामांची नोंद ठेवायचे लॉगबुक उरते ते सह्या गोळा करण्यापुरते. २०१९ पासून आलेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलावे कसे, हेही शिकवायचे आहे. हे चांगलेच झाले. पण मृत्यूची बातमी नातेवाईकांना कशी सांगायची, हे शिकायला ती सांगणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरशेजारी उभे राहावे लागते.

रुग्णाशेजारी थांबल्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण आपल्याकडेच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर नागपूरहून एमबीबीएस होऊन महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशाने माणसे डोळ्यांदेखत दगावत होती आणि पुस्तकांत त्यावर फारसे काही नव्हते. ते रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसले, नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले. त्यातूनच पुढे प्राझोसिनचा उपचार उभा राहिला आणि चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. प्रत्येक इंटर्न बावस्कर होणार नाही. पण उशाशी बसण्याची सवय प्रत्येकाला लावता येते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्याच वर्षी मुले खेड्यात मुक्काम करतात, वाट्याला आलेल्या घरांची विचारपूस करतात. रुग्ण खाटेवर येण्याआधी कोणत्या घरात राहत होता, हे त्यांना तिथेच कळते.

म्हणून इंटर्नशिप संपणे आणि प्रवेश परीक्षा यांच्यात तयारीला पुरेसे महिने मिळावेत. शिरेत सुई लावणे, टाके घालणे, बाळंतपण हे प्रत्यक्ष करताना पाहिल्याशिवाय कोणी लॉगबुकात सही करू नये. नमुने वाहणाऱ्यांची पदे भरावीत. आणि ज्या सिस्टर आज आपल्या ड्युटीतून वेळ काढून या मुलांचे हात घडवतात, त्यांचे नाव लॉगबुकात शिक्षक म्हणून यावे. त्या शिकवण्यासाठी त्यांच्या पाळीत वेळही राखून ठेवावा.