गोळीचा ईएमआय

होम लोनचा ईएमआय, कारचा ईएमआय, 'झिरो कॉस्ट'वर घेतलेल्या फोनचा ईएमआय... आणि तिशी ओलांडली की यादीत गुपचूप आणखी एक नाव घुसतं. ऑफिसच्या अ‍ॅन्युअल हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मेलवर येतो. बीपी १५०/९६, एलडीएल म्हणजे ते वाईटवालं कोलेस्टेरॉल १९०च्या पुढे. डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारतात, 'कामाचं टेन्शन आहे का?' (डेडलाइनच्या आठवड्यात हा प्रश्न!) मग आठ-पंधरा दिवस पुन्हा पुन्हा बीपी मोजायला लावतात आणि शेवटी दोन गोळ्या लिहून देतात. एक सकाळी, एक रात्री. 'किती दिवस घ्यायच्या?' या प्रश्नावर ते नुसतं हसतात.

बाकीचे ईएमआय कधी ना कधी फिटतात. हा बहुतेकांचा फिटत नाही. म्हणून आजचा विषय पथ्यपाण्याचा कमी आणि हिशेबाचा जास्त. फंडा एकदम सोपा आहे: हप्ता कमी करता येतो, पण हप्ता चुकवायचा नाही.

क्लब मोठा आहे

आधी एक दिलासा. तुम्ही एकटे नाही. आयसीएमआरचा देशभरातला मोठा सर्व्हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३५.५ टक्के प्रौढांचं बीपी वाढलेलं निघालं. आणि रक्तातल्या चरबीचं काही ना काही गणित बिघडलेले लोक होते तब्बल ८१.२ टक्के! म्हणजे कँटीनच्या टेबलावर पाच जण बसले असतील तर चौघांचा रिपोर्ट बघण्यासारखा असणार. फक्त कुणी बोलत नाही. बीपीची गोळी म्हणजे काकांचा विषय, असं आपण ठरवूनच टाकलंय ना!

न बोलण्याचा तोटा असा की गोळ्या बंद करण्याचे बहाणेही कुणी खोडून काढत नाही. ते तीन आहेत. पहिला, 'आता नॉर्मल आलं की!' अहो, ते गोळीमुळे आलंय. दुसरा, 'डोकंबिकं काही दुखत नाही.' बीपी वाढलेल्या बहुतेकांचं डोकं दुखतच नाही, हीच तर त्याची बदमाशी आहे. कोलेस्टेरॉल तर त्याहून अबोल. आणि तिसरा बहाणा, जो कुणी मोठ्याने सांगत नाही: 'महिनाअखेर आहे, पगार झाला की आणू.' पहिले दोन गैरसमज डॉक्टर दूर करतील. तिसऱ्याचा बंदोबस्त आपल्यालाच करायचा आहे.

पैसे नेमके कशाचे देतो?

गंमत म्हणजे या गोळ्या आता अजिबात नव्या राहिलेल्या नाहीत. कोलेस्टेरॉलच्या औषधाची गोष्ट जपानमध्ये सुरू झाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासल्या आणि तांदळावर सापडलेल्या एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन बाजारात आलं. मग अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आलं आणि फायझरच्या 'लिपिटॉर' या ब्रँडने विक्रीचे सगळे विक्रम मोडले. २०११ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट संपलं आणि तिथेही स्वस्त गोळ्या आल्या.

आपल्याकडे त्यासाठी तितकं थांबावं लागलं नव्हतं. १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाला नाही, तर ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळायचं. त्यामुळे २००५ मध्ये कायदा बदलेपर्यंत आपल्या कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीने तीच औषधं बनवली. म्हणूनच आज टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन किंवा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ढीगभर कंपन्या बनवतात. औषध तेच, मिलिग्रॅम तेच, स्ट्रिपवरचं नाव वेगळं आणि किंमत? ती दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून जास्त. शोधाचे पैसे केव्हाच वसूल झाले. वरचे पैसे आपण बरेचदा नावाचे देतो.

स्ट्रिप वाचायला शिका

नेटवर दोनशे रुपयांच्या इअरफोनचे चाळीस रिव्ह्यू वाचणारे आपण, रोज पोटात जाणाऱ्या गोळीची स्ट्रिप मात्र वाचत नाही. एकदा वाचाच.

एक, मूळ औषधाचं नाव बघा. सप्टेंबर २०१८ पासूनच्या नियमानुसार, एकच औषध असलेल्या गोळीवर ते ब्रँडच्या नावापेक्षा दोन फाँट मोठ्या अक्षरात छापावं लागतं. तेच लक्षात ठेवायचं. सोबत मिलिग्रॅमचा आकडा.

दोन, एका गोळीची किंमत काढा. कुठली स्ट्रिप १० ची असते, कुठली १४, १५, तर कुठली ३० ची. स्ट्रिपच्या किमतींची तुलना केलीत तर फसलात. शिवाय छापील एमआरपीत सगळे टॅक्स आलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलावरही एक नजर असू द्या.

तीन, टू-इन-वन गोळीचा हिशेब वेगळा मांडा. वर सांगितलेली तिन्ही औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि त्यांच्या ठराविक स्ट्रेंथच्या गोळ्यांना सरकारने कमाल किंमत ठरवून दिली आहे. कॉम्बिनेशन गोळी बरेचदा या यादीबाहेर असते. ती घ्यायला सोपी, विसरायला कठीण, हा तिचा मोठा फायदा. पण खिशाला जड जात असेल तर दोन सुट्या गोळ्या चालतील का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

आता आकडेमोड. समजा, तुमच्या दोन गोळ्यांचे मिळून रोज २५ रुपये होतात. वर्षाचे ९,१२५. त्याच औषधांचा स्वस्त पर्याय रोज ४ रुपयांत बसला, तर वर्षाचे १,४६०. फरक साडेसात हजारांच्या वर. हा फरक एका वर्षाचा नाही बॉस, दरवर्षीचा आहे.

विचारायचं कुणाला?

केमिस्टला नाही, डॉक्टरला. काउंटरवर 'दादा, यातलं स्वस्तातलं द्या' म्हटलंत तर नियमाने वागणारा दुकानदार सांगेल, 'साहेब, चिठ्ठीवर जे नाव आहे तेच देता येतं.' म्हणून चिठ्ठी लिहिली जात असतानाच बोला. 'डॉक्टर, ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची आहे. मूळ औषधाच्या नावाने लिहून द्याल का?' एवढं एक वाक्य पुरे. लाजायचं काय त्यात? फ्लॅट घेताना बिल्डरशी पार्किंगवरून तासभर घासाघीस करतोच ना?

मग ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्र गाठा. ही सरकारी योजना २००८ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये देशातल्या केंद्रांचा आकडा दहा हजारांवर गेला. बीपी-कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्या तिथे ब्रँडच्या तुलनेत निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. जवळचं केंद्र कुठे आणि भाव काय, हे 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर दिसतं. कधी हवी ती स्ट्रेंथ संपलेली असते, म्हणून शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका. आठवडाभर आधीच जा.

'पण स्वस्त म्हणजे कमअस्सल नाही ना?' हा प्रश्न रास्त आहे. या केंद्रांसाठी डब्ल्यूएचओ-जीएमपी प्रमाणपत्र असलेल्या उत्पादकांकडून खरेदी होते आणि मान्यताप्राप्त लॅबमध्ये बॅचेस तपासल्या जातात. तरी मनात शंका असेल तर तुमच्या हातात तुमची स्वतःची टेस्ट आहे. बदलानंतर दोन आठवडे घरी बीपी मोजून लिहून ठेवा. मशीन दंडावर बांधायचं घ्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून मोजा आणि त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट नको. दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करा. आकडे जागेवर असतील तर आनंद. नसतील तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे.

आणि एक मोफतवाला पर्यायही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नोकरी गेली, स्टार्टअप बुडालं, दोन महिने पगार अडकला... अशा दिवसांत गोळी बंद करण्यापेक्षा तिथल्या रांगेत उभं राहणं कितीतरी शहाणपणाचं.

गावाकडची स्ट्रिप

आपल्यापैकी अनेक जण दोन घरांच्या गोळ्यांचं बिल भरतात. एक स्वतःचं पुण्या-मुंबईतलं, दुसरं सांगली, लातूर, अकोल्यातलं. रविवारचा फोन ठरलेला असतो.

'बाबा, गोळ्या घेताय ना?'

'हो रे, घेतोय की.'

आणि मागून आई हळूच सांगते, 'एक दिवसाआड घेतायत. म्हणतात, नॉर्मल आलंय, उगाच कशाला पोराला खर्च!'

एक दिवसाआड गोळी म्हणजे एक दिवसाआड बीपी, असं नसतं. ज्या दिवशी गोळी पोटात नाही, त्या दिवसांत ते हळूहळू वर सरकतं आणि महिन्यातून एकदा दवाखान्यात मोजलेल्या आकड्यात ते सापडेलच असं नाही. इथे रागावून उपयोग नाही. त्यांनी खर्चाला कात्री लावली ती आपल्या काळजीपोटीच. पुढच्या वेळी घरी गेलात की स्ट्रिप हातात घ्या आणि गोळ्या मोजा. १ तारखेला तीस आणल्या असतील तर २० तारखेच्या रात्री दहा उरायला हव्यात. पंधरा उरल्या असतील तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलून स्वस्त पर्याय लावून द्या आणि नवं बिल बाबांच्या हातात ठेवा. आकडा बघितला की वडील माणसं लेक्चरपेक्षा लवकर ऐकतात.

लपवू नका, परस्पर बदलू नका

मेडिक्लेम काढताना 'बीपी नाही' वर टिक करायचा मोह अनेकांना होतो. करू नका. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त तीन वर्षांचा झालाय, पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असायचा. खरं सांगून तीन वर्षं थांबणं परवडतं. खोटं सांगून ऐन अँजिओप्लास्टीच्या वेळी क्लेम नाकारला जाणं परवडत नाही. आणि कंपनीची ग्रुप पॉलिसी राजीनाम्यासोबत जाते, हेही ध्यानात असू द्या. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र साध्या मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. तो हप्ता आपलाच.

गोळीने पाय सुजतात, कोरडा खोकला येतो, स्नायू दुखतात? डॉक्टरांना सांगा, दुसरं औषध मिळतं. बाळाचा विचार करत असाल तर मैत्रिणींनो, आधीच सांगा, कारण टेल्मिसार्टन आणि स्टॅटिन गरोदरपणात चालत नाहीत. पाठदुखीसाठी स्वतःच्या मनाने पेनकिलर घेत राहू नका, त्यातल्या काहींनी बीपी वाढतं. आणि मीठ! दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, असं डब्ल्यूएचओ सांगतं. लोणचं, पापड, फरसाण, इन्स्टंट नूडल्स यात तो कोटा कधी उडतो कळतही नाही. मीठ कमी, चालणं जास्त, झोप पुरेशी, वजन थोडं खाली... याने काहींच्या गोळीचा डोस खरोखर कमी होतो. पण तो डॉक्टरांनी कमी करायचा, महिनाअखेरीच्या बॅलन्सने नाही.

तर या महिन्याचा पगार जमा झाला की एवढंच करा. फोनमध्ये ईएमआयचे जितके रिमाइंडर आहेत, त्यात गोळ्यांचं एक वाढवा, महिना संपायच्या आठ दिवस आधीचं. कारण कर्जाचा हप्ता चुकला तर बँक दिवसातून दहा फोन करते. गोळीचा हप्ता चुकला तर कुणाचाच फोन येत नाही.