श्रीनगर नावाचे एक शहर आहे

काश्मीरची प्रवासवर्णने मराठीत उदंड झाली. परंतु ती वाचून श्रीनगर हे एक शहर आहे, असा संशयही वाचकास येत नाही. दल सरोवर असते, हाउसबोट असते, पहाटेचे धुके तर असतेच. आणि दुसरा परिच्छेद संपण्यापूर्वी ‘नंदनवन’ हा शब्द येऊन पडतो. 2011 च्या शिरगणतीत ज्या नगराची वस्ती अकरा लाखांवर भरली, तेथील माणसे काय खातात, कशावर जगतात, याचा पत्ता नाही. नंदनवनात शिरगणती होत नसावी.

हा दोष एकट्या लेखकांचा नव्हे. आमची सुशिक्षित कुटुंबे दोन रात्री हाउसबोटीत काढतात, सहलीबरोबर आलेल्या आचाऱ्याच्या हातची पोळीभाजी जेवतात, गुलमर्ग उरकतात आणि ‘काश्मीर पाहिले’ असे सांगत परततात. शनिवारवाड्याचा दरवाजा पाहून कोणी ‘पुणे पाहिले’ म्हणाला, तर हेच लोक त्यास कसबा पेठेची वाट दाखवितात!

हाउसबोट म्हणजे पाण्यावरचे हॉटेल, ही समजूतच चुकीची आहे. डोगरा राजवटीत परक्यास काश्मिरात जमीन घेता येत नसे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साहेबांनी नावेवरच बंगला थाटला. तो सांभाळणारे हांजी मात्र त्या पाण्याचे पिढीजात रहिवासी. पुष्कळदा मालकाचे बिऱ्हाड मागच्या लहान नावेत असते. पाहुणा तिकडे वळूनही पाहत नाही. बैठकीच्या छतावर लाकडाचे तुकडे खिळ्यावाचून एकमेकांत बसविलेले असतात. त्या खातमबंदाचे कारागीर शहरातलेच. बोटींच्या व शहराच्या सांडपाण्याने सरोवर नासले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, हेही वर्णनांत येत नाही. धुके सोयीचे असते.

आता झेलमच्या काठाने जावे. हब्बा कदल, फतेह कदल, जैना कदल, आली कदल. कदल म्हणजे पूल, आणि मोहल्ले पुलांच्याच नावांनी ओळखले जातात. जैना कदलजवळ सुलतान झैन-उल-आबिदीन याच्या मातेची विटांची घुमटदार कबर आहे. तिचे जोते जुन्या मंदिराचे. महाभारताचे फारसी भाषांतर करविणारा आणि जोनराजासारख्या संस्कृत पंडितास आश्रय देणारा हाच सुलतान. त्याचा पिता सिकंदर याची मूर्तिभंजक म्हणून अपकीर्ती आहे, आणि देवदाराच्या पावणेचारशे खांबांची जामा मशीदही त्याचीच. या गुंत्यापुढे आमचे सोपे अभिमान व सोपे राग दोन्ही थिटे पडतात; म्हणूनच तो पाहावा. हब्बा कदलला 1990 मध्ये घर सोडून गेलेल्या पंडितांची कुलुपे लावलेली घरे दिसतात. दोन्हीकडच्या वक्त्यांनी त्या कुलपांवर भाषणे पुष्कळ केली. त्यांपुढे क्षणभर उभे राहणारे थोडे. आणि काश्मीर आम्हांस परके तरी कोठे? देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शारंगदेवाचे घराणे तिकडूनच आलेले.

कोणी म्हणेल, वस्तीत शिरणे धोक्याचे. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळ 26 माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले प्रवासीही होते. या भयास आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही. ज्यास जाववत नाही त्याने जाऊ नये. जाणाऱ्याने त्या त्या वेळी चौकशी करून पाऊल टाकावे. परंतु तो घाला शहराच्या गल्लीत पडला नाही, सहलीच्या कुरणावर पडला. तेव्हा कुरण निर्धोक आणि मोहल्ला धोक्याचा, हा हिशेब आता कोणी मांडू नये.

दुसरा आक्षेप वेळेचा. तीन दिवसांत शहर कळत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु तीन दिवसांत गुलमर्गही कळत नाही, आणि तेथे जाण्यास कोणी कचरत नाही. एक दिवस पहाटे शिकाऱ्यातून घाटावर उतरावे, जवळच्या कांदुराच्या भट्टीपाशी शेजारच्या बायाबापड्यांसोबत रांगेत उभे राहावे आणि गरम गिरदा घ्यावा. त्याबरोबर मिळणारा गुलाबी चहा मिठाचा असतो. कृपा करून साखर मागू नये.