वेशीबाहेरचं व्हिस्बी

स्टॉकहोमला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारे वाचक या सदराला हमखास एक प्रश्न पाठवतात: दोन-तीन दिवस हाताशी आहेत, तर कुठे जावं? माझं उत्तर ठरलेलं आहे. गॉटलंड बेटावरच्या व्हिस्बीला जा. नीनेसहामच्या धक्क्यावरून बोट धरली की सव्वातीन तासांत बाल्टिक समुद्रातून वर येणारा चुनखडीचा कडा दिसतो, त्यावर राखाडी तट आणि तटाच्या आत तांबड्या कौलांची दाटी. युरोपात तटबंदीची गावं पुष्कळ आहेत, पण इतका सलग आणि इतका जुना तट उत्तरेकडे क्वचितच राहिला आहे. 1995 साली युनेस्कोनं हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात कौतुक वाटावं असं आहेच. माझी विनंती एवढीच, की बोटीतून उतरल्यावर लगेच वेशीतून आत शिरू नका.

सगळे आत शिरतात. बंदरावरून सरळ आल्मेदालेनच्या बागेत (हान्सा या व्यापारी संघाच्या काळात गलबतं लागायची ती जागा हीच), तिथून स्ट्रांडगाटान रस्त्यानं वर, मग स्टोरा तोर्येत या मोठ्या चौकात कॉफी, मग गुलाबांच्या वेली चढलेल्या बुटक्या घरांचे फोटो आणि संध्याकाळच्या बोटीनं परत. हा फेरफटका सुंदर आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्या फेरफटक्यात तट म्हणजे फक्त मागचा पडदा होऊन बसतो. व्हिस्बीचा तट कशासाठी बांधला आणि कोणाला अडवण्यासाठी बांधला, हे कळल्याशिवाय ते गाव पाहिलं असं मी म्हणणार नाही. ते कळतं बाहेरून.

म्हणून आधी पूर्वेच्या अंगाला जा. तिथे खंदक आहे, कोरडा, गवतानं भरलेला. त्यात उतरून तटाकडे तोंड करून उभं राहिलं की सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेल्या माणसाचे डोळे आपोआप कामाला लागतात: चर्या कुठे, मारगिरीच्या फटी कुठे, दरवाजावर कोणता बुरूज नजर ठेवून आहे. एकूण तट साधारण 3.4 किलोमीटरचा. बुरूज दोन जातींचे. एक थेट जमिनीतून उठलेले, उंच, चौकोनी किंवा बहुकोनी. दुसरे घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकावं तसे तटाच्या माथ्यावर बसवलेले. ते पायथ्यापर्यंत येत नाहीत, भिंतीतून पुढे काढलेल्या दगडी घोड्यांवर तोललेले असतात. जमिनीवरचे 27 अजून उभे आहेत. खोगिरी बुरूज त्या मानानं कमी उरले. इतक्या शतकांचा वारा-पाऊस अशा तोललेल्या बांधकामाला झेपला नाही. भिंत जवळून न्याहाळली तर काही ठिकाणी मधल्या उंचीवर जुन्या चर्यांचे दात दिसतात, त्यांच्या मधल्या खाचा दगडांनी बुजवलेल्या आणि वर आणखी कित्येक फूट बांधकाम चढवलेलं. म्हणजे आधीची उंची पुरेशी वाटेना, म्हणून तेराव्या शतकाच्या अखेरीला आणि पुढे ती वाढवली. भीती वाढत गेली तशी भिंत वाढत गेली.

भीती कोणाची? पाहुणा साहजिकच समुद्राकडे बघतो, कारण शत्रू तिकडून यायचा. समुद्राकडेही तट आहे. पण खंदक पाहा कुठे आहेत: उत्तरेला आणि पूर्वेला, बेटाच्या बाजूला. व्हिस्बीनं स्वतःच्या बेटावरच्या शेतकऱ्यांविरुद्ध हा तट उभा केला.

हे कळायला थोडं मागे जावं लागतं. गॉटलंडचे मूळ रहिवासी म्हणजे गुट लोक. ते शेतकरी होते आणि त्याच वेळी दर्यावर्दी व्यापारीही होते. हंगाम संपला की गलबत काढायचं आणि पूर्वेला नोव्हगोरोदपर्यंत जायचं. तिथे त्यांची स्वतःची वखार होती. त्या व्यापाराची चांदी आजही बेटाच्या शेतांत सापडते. 1999 साली स्पिलिंग्स नावाच्या शेतात 67 किलो चांदीचा साठा निघाला. त्यात चौदा हजारांहून जास्त नाणी होती आणि त्यांतली बहुतेक सगळी अरबी राजवटींची. नवव्या शतकात बगदादच्या बाजूची चांदी नद्यांच्या वाटेनं या बेटापर्यंत पोचत होती आणि ती कमावणारे हात नांगर धरणारे होते. मग बाराव्या शतकात जर्मन व्यापारी आले, व्हिस्बीत वसले, हान्सा संघाचं जाळं पसरलं आणि बंदर फुगत गेलं. शहरातले व्यापारी खेड्यातल्या व्यापाऱ्यांना बाजूला सारू लागले. तट चढू लागला तसा तंटा पेटला आणि 1288 साली शहर आणि खेडी यांच्यात उघड युद्ध झालं. स्वीडनचा राजा माग्नुस लाडुलोस मध्ये पडला. शहराला त्यानं माफी मागायला लावली, दंड घेतला, पण तट राहू दिला. माझ्या मते बेटाचं पुढचं सगळं दुर्दैव त्या निवाड्यात आहे, कारण तट राहिला आणि त्याबरोबर बेटाची फाळणीही राहिली.

त्र्याहत्तर वर्षांनी तिची किंमत चुकवावी लागली. 1361च्या जुलैमध्ये डेन्मार्कचा राजा वाल्देमार आत्तेरदाग बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. त्याच्याबरोबर सरावलेलं, पगारी सैन्य होतं. समोर आले शेतकरी. मेस्टरबीजवळच्या पाणथळीत त्यांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला, तिथे हटले, आणि 27 जुलैला व्हिस्बीच्या तटासमोर शेवटची लढाई झाली. शहराचे दरवाजे बंद होते. आतली माणसं लढायला बाहेर आली नाहीत. इतिहासकार मृतांचा आकडा साधारण 1800 देतात. त्यानंतर शहरानं दरवाजे उघडले आणि दोनच दिवसांनी, 29 जुलैला, वाल्देमारनं व्हिस्बीच्या नागरिकांचे जुने हक्क आणि सवलती कायम केल्याचं पत्र दिलं.

लढाईची जागा दक्षिणेच्या वेशीपासून चालत काही मिनिटांवर आहे. कोर्सबेतनिंगेन तिचं नाव. तिथे एक दगडी क्रूस उभा आहे, वर्तुळात बसवलेला, आणि त्यावर लॅटिनमध्ये साल, वार आणि एवढीच नोंद की व्हिस्बीच्या दरवाजांसमोर गॉटलंडची माणसं डेन लोकांच्या हातून पडली आणि इथे पुरली गेली; त्यांच्यासाठी प्रार्थना करा. ज्यानं हे कोरवलं त्यानं दरवाजांचा उल्लेख गाळला नाही. मी या बेटावर पाहण्यासारख्या गोष्टींत पहिला नंबर या क्रूसाला देतो, आणि गावात आलेल्या शंभरातले नव्वद तरी तिथे फिरकत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिथून गावातल्या गॉटलंड संग्रहालयात जा. कोर्सबेतनिंगेनच्या सामुदायिक थडग्यांत 1905 पासून 1930 पर्यंत टप्प्याटप्प्यानं खोदकाम झालं आणि 1185 माणसांचे सांगाडे मिळाले. ऐन उन्हाळा होता, प्रेतं लवकर पुरायची होती, म्हणून कित्येकांच्या अंगावरचं चिलखतही काढलं गेलं नाही. इतिहासाला हे दान फार मोठं ठरलं, कारण चौदाव्या शतकातल्या साध्या सैनिकाच्या अंगावर काय होतं हे एवढ्या तपशिलात दुसरीकडे फारसं कळत नाही. जाड कापडाच्या किंवा कातड्याच्या आत लोखंडी पट्ट्या रिव्हेट केलेले कोट, हातमोजे, कड्यांची टोपरी. संग्रहालयात एक कवटी आहे, तिच्याभोवती कड्यांचं टोपरं गंजून घट्ट चिकटलेलं. दातांची ओळ नीट दिसते. कड्या इतक्या बारीक आहेत की त्या करणाऱ्या लोहाराच्या चिकाटीचा आधी विचार मनात येतो आणि मग त्या माणसाचा. हाडांच्या अभ्यासात आढळलं की मेलेल्यांत कोवळी पोरं होती, म्हातारे होते, आधीपासून लंगडणारी माणसं होती. नडग्यांवर घाव खूप आहेत. ढाल वर धरली की पाय उघडे पडतात. गावात धडधाकट माणसं उरली नव्हती म्हणून हे आले की घरातलं प्रत्येकजणच निघालं, हे कवटी सांगत नाही. पण या माणसांना आत घेण्यासाठी वेशीचं दार उघडलं नव्हतं, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे.

आणि याच ठिकाणी मला व्हिस्बीत सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीबद्दल भांडायचं आहे. समुद्राच्या बाजूला एक बुरूज आहे, युंगफ्रूतोर्नेत, म्हणजे कुमारिकेचा बुरूज. दंतकथा अशी, की एका सोनाराची पोर वेश पालटून आलेल्या वाल्देमारच्या प्रेमात पडली, तिनं शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या, आणि शहरवासीयांनी तिला या बुरुजात जिवंत चिणलं. पर्यटकांना ही कथा फार आवडते. मला ती ऐकवत नाही. बंद दरवाजामागे थांबण्याचा आणि मग तो उघडण्याचा निर्णय शहराच्या कारभाऱ्यांचा होता. हक्क कायम करून देणारं पत्र त्यांना मिळालं. पण पिढ्यान्पिढ्या तो दोष एका नाव नसलेल्या मुलीच्या माथी मारला गेला आणि वर तिला शिक्षाही झाली. त्या बुरुजाखाली मुलांना घेऊन उभे राहाल तेव्हा त्यांना ही कथा सांगा, हरकत नाही, पण 29 जुलैचं पत्रही सांगा.

आता आत चला. व्हिस्बीच्या तटाआड एके काळी डझनभराहून जास्त चर्च होती. आज नांदतं आहे ते एकच, सांता मारिया, जर्मन व्यापाऱ्यांनी बांधलेलं आणि 1225 साली पवित्र केलेलं. काळी लाकडी शिखरं असलेले त्याचे तीन मनोरे गावात कुठूनही दिसतात. बाकीची पडकी आहेत. वसईच्या कोटात हिंडलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही: छप्पर गेलेलं, कमानी आकाशाखाली उभ्या, जमिनीवर गवत. फरक कारणात आहे. व्यापाराच्या वाटा बदलल्या, 1525 साली ल्युबेकच्या लोकांनी शहरावर हल्ला केला, धर्मसुधारणेनंतर इतक्या चर्चची गरज राहिली नाही आणि पडक्या भिंतींचा दगड लोकांनी घरांना वापरला.

या भग्नावशेषांतली सगळी बघायचा अट्टहास करू नये. मी दोन सांगतो. हेल्गेआंद अष्टकोनी आहे आणि दुमजली. दोन मजल्यांमधल्या फरशीत मधोमध अष्टकोनी मोकळी जागा ठेवली आहे, त्यामुळे वरची आणि खालची माणसं एकच उपासना ऐकू शकत. दुसरं सेंट लार्स. त्याच्या जाड भिंतींच्या पोटातून अरुंद जिने आणि बोळ काढलेले आहेत. खांदे आकसून वर चढायचं आणि अचानक एखाद्या झरोक्यातून खालची मोकळी, गवताळ जमीन बघायची. लहान मुलं इथून निघायला तयार होत नाहीत.

तटाची देखभाल हा इथला रोजचा प्रश्न आहे. 2012च्या फेब्रुवारीत तटाच्या दर्शनी बाजूचा सुमारे दहा मीटरचा भाग कोसळला. बाहेर आणि आत घडीव दगड, मधल्या पोकळीत डबर आणि चुना, अशी ही भिंत. पाणी मुरलं, गोठलं, फुगलं की दर्शनी थर सुटतो. आपल्याकडे गडांवर काम करणाऱ्या मंडळींना हे दुखणं नवं नाही. कोसळलेला भाग पुन्हा बांधायला तिथे दोनएक वर्षं घेतली गेली. घाईनं सिमेंट फासून ‘काम झालं’ म्हणण्यापेक्षा हा उशीर कितीतरी चांगला.

पण ज्यांच्यावर वेस बंद झाली त्यांचं पुढे काय झालं? याचं उत्तर व्हिस्बीत नाही, म्हणून तिसरा दिवस बेटासाठी राखून ठेवा. शहराची चर्च पडली. खेड्यांतली मध्ययुगीन चर्च मात्र 92 उभी आहेत आणि त्यांतली बहुतेक आजही वापरात आहेत. एका लहानशा बेटावर, दर काही किलोमीटरला, शेतांच्या मधोमध. शेतकऱ्यांची श्रीमंती किती होती हे त्यांच्या दगडी दारांवरून, रंगीत काचांवरून कळतं. आणि ती श्रीमंती कुठे थांबली तेही कळतं. शेल्लुंगे गावचं चर्च बघा. त्याचा पूर्वेचा गाभाऱ्याकडचा भाग प्रचंड, एखाद्या महामंदिराच्या मापाचा, आणि त्याला चिकटलेला सभामंडप जुना, बुटका. गावानं नवं, भव्य चर्च बांधायला घेतलं होतं. रीत अशी की गाभारा आधी बांधायचा, मग जुना मंडप पाडून नवा उभारायचा. दुसऱ्या टप्प्याची पाळी कधी आलीच नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यावर आधी प्लेग आला, मग वाल्देमार आला, आणि बेटाच्या अनेक गावांत बांधकाम असंच अर्ध्यावर थांबलं.

दक्षिण टोकाजवळ फीदे नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या भिंतीवर जखमी ख्रिस्ताचं चित्र आहे आणि त्याभोवती एक लॅटिन ओळ. तिच्या आशयात जळालेली देवळं आहेत आणि तलवारीनं कापलेली माणसं आहेत, आणि तिच्या अक्षरांतल्या रोमन अंकांची बेरीज केली की 1361 हे साल निघतं. शहरात त्या सालाची आठवण राजाच्या पत्रात जपली गेली; खेड्यानं ती स्वतःच्या भिंतीवर रंगवून ठेवली. उन्हाळ्यात ही चर्च बहुतेक दिवसभर उघडी असतात, आत जायला पैसे पडत नाहीत. भाड्याची गाडी घेतली तर शेल्लुंगे आणि फीदे एका दिवसात आरामात होतात, वाटेत मेस्टरबीचा क्रूसही पाहता येतो. गाडी नको असेल तर दक्षिणेकडच्या बसचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा, फेऱ्या कमी असतात.